बंद घड्याळांची साक्ष

(शनिवारची दुपार. पाळक उद्याचा उपदेश बायकोला म्हणून दाखवताहेत. ती त्यांच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करतेय.)

पाळक : आता जे सांगणार आहे, त्यावर कुणाचा म्हणजे कुणाचाच विश्वास बसायचा नाही.

बायको : मग सांगता कशाला?

पाळक : अगं, ही सुरुवात आहे. मंडळीला जाग यायला नको?

बायको : तिसऱ्या बाकाच्या मागे काही उपयोग नाही. बरं, पुढे.

पाळक : आपल्या गल्लीच्या टोकाला एक घड्याळजी राहायचा. देवाचं नाव काढलं की भिंगाआडून असा डोळा वटारायचा, भल्याभल्यांची बोबडी वळावी. तो अंथरुणाला खिळला. मी गेलो. दुकानामागची खोली, उशाशी चिमटे, भिंतीवर चाळीस घड्याळं. सगळी बंद.

बायको : मागच्या वर्षी बावीस होती.

पाळक : तू मोजत बसू नकोस. मी त्याला शुभवर्तमान सांगितलं. पाप, क्षमा, क्रूस, रिकामी कबर, एक शब्द गाळला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ओठ हलले, 'आमेन'. आणि त्या क्षणी चाळीसच्या चाळीस घड्याळांनी एका सुरात बाराचे टोले दिले.

बायको : तुम्ही चारला गेला होतात.

पाळक : म्हणून तर चमत्कार.

बायको : उद्या ही गोष्ट नको.

पाळक : का बरं? अकरा वर्षं सांगतोय. दोघं तर ही ऐकून बाप्तिस्म्याला आले.

बायको : त्याची मुलगी आलीय. सकाळी तुम्ही बाहेर होतात तेव्हा दारात येऊन गेली. उद्या उपासनेला येणार आहे.

पाळक : येऊ दे की. बापाची साक्ष लेकीच्या कानावर पडेल.

बायको : ती त्या खोलीतच होती. तुम्हाला पाणी तिनंच दिलं.

पाळक : लहान असेल तेव्हा. तिला काय आठवणार.

बायको : एकोणीस वर्षांची होती. म्हणाली, पाळकसाहेब तासभर बसले. उकाड्याचं बोलले, गुडघ्यांचं बोलले, मग मनगटातलं घड्याळ काढून दिलं. बाबांनी पडल्यापडल्याच ते दुरुस्त केलं.

पाळक : त्याच्या हातचं शेवटचं काम. आजही मिनिटभर मागे पडत नाही.

बायको : त्या दिवशी त्यांनी मुद्दाम दाढी करून घेतली होती म्हणे. पाळक येतोय, काहीतरी विचारेल. तुम्ही निघालात तेव्हा हातही धरला तुमचा.

पाळक : घड्याळ बांधत होता.

बायको : बांधून झाल्यावरही सोडला नव्हता.

पाळक : वाद घालणारा माणूस होता गं. हसला असता माझ्यावर.

बायको : म्हणून?

पाळक : म्हणून काय, सांगितलं की. दारातून. थोडक्यात. हळू बोललो, तिला ऐकू गेलं नसेल.

बायको : तुम्ही हळू बोललात? तुमची प्रार्थना शेजारच्या गल्लीत ऐकू जाते.

पाळक : त्या दिवशी घसा बसला होता.

बायको : खोटं बोलताय. त्याला तुम्ही काही सांगितलंच नाहीत. आणि तिच्या बाबांना सांगायचं राहिलं तेच ऐकायला ती उद्या येतेय.