झिजलेल्या खटक्याचं माप

काय रे, विश्वास कुणावर ठेवावा, कॅलिपरवर की कॅलिपर धरणाऱ्यावर? बंदुकीची काळी दारू भरून उडवायच्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरचे सुटे भाग मी इथे न्युरेम्बर्गला विकतो, हे तुला ठाऊकच आहे. नेकारसुल्मचे देशपांडे, मोटार कारखान्यातले इंजिनिअर, गोळ्यांचं चक्र फिरवणारा खटका घेऊन गेले. नवा खटका मुद्दाम लांब येतो; कानशीने घासून बसवायचा. रविवारी त्यांच्या क्लबची स्पर्धा, आणि शुक्रवारी साहेब बायकोसकट दारात.

"तुमचा पार्ट बोगस आहे! चक्र अजून अर्ध्यातच अडकतंय."

"किती घासलात?"

"गेनाऊ, अगदी कॅलिपरने मोजून जुन्याएवढा. केसाचाही फरक नाही!"

"आणि जुना का काढलात?"

"झिजला होता म्हणून."

वहिनी म्हणाल्या, "अहो, म्हणजे दोन दिवस खपून तुम्ही नवा खटका झिजवलात?"

दुसरा खटका वहिनींनीच माझ्या टेबलावर, कानशीचे दोन हात मारून एकदा लावून बघत, बसवला. रविवारी चक्र लोण्यासारखं फिरलं. नेम मात्र देशपांड्यांचाच होता.

आता तूही खटका नेतोयस. कानस किती वेळा फिरवलीस ते खरंखरं लिहून ठेव बाबा. तक्रार घेऊन आलास, तर आधी तो हिशोब मागेन.