गळ्याचं बटण

थायरॉईडच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक शिंपी आणि त्याची बायको. त्यानं शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलं होतं.

"अहो, सोडा ते बटण. गुदमराल," बायको त्याला म्हणाली.

"गुदमरत होतो ते गेल्या वर्षी. आता नुसता रुबाब आहे."

"खरं सांगा, बटण सरकवलंत ना?"

"सरकवलंच होतं. थायरॉईड सुजून लाकडासारखा झाला तेव्हा पार कडेला घेतलं होतं. आज सकाळी मूळच्या जागी शिवलं."

"आणि लागलं?"

"दिसतंय ना तुला."

"स्टेरॉईडनं तर नुसते गाल फुगले होते तुमचे."

"आणि भूक वाढली."

"भूक लग्नातही तेवढीच होती, औषधाला कशाला श्रेय देता? पण मग हे सलाईनमधलं नवं औषध लागू पडलं म्हणायचं? ऑपरेशन टळलं?"

"तेच तर विचारायला आलोय."

"इकडे वळा बघू. अगंबाई, कॉलरीत बोट जातंय माझं."

"हळू, गुदगुल्या होतात."

"डोळ्यांत पाणी कशाला मग?"

"कॉलर टोचतेय."

"स्वतः शिवलेली?"

"गिऱ्हाइकांना सांगू नकोस."

तेवढ्यात डॉक्टरच फाईल घेऊन दारात आले.

"या, या. स्कॅन छान आलाय, सूज उतरलीय. ऑपरेशनचं नाव आता काढायचं नाही. बटण सोडा, गळा बघू दे."

"सोडतो, डॉक्टर. आधी लावलेलं नीट बघून घ्या."