उसना बाप

— नाही हो, बोलायचं काहीच नाही, तीच तर खरी मेख आहे! नुसतं बसायचं. तुमची गाडी बर्फात रुतलीय, ओढून काढणारा ट्रक काही एवढ्यात येत नाही, बाहेर नाक गळून पडेल असली थंडी — मग इथं जिममध्ये बाकावर ऊब घेत बसणारच होता ना? तेच करायचं, फक्त हा स्वेटर घालून. हात वर करा... घट्ट होतोय? होणारच, बुटक्या माणसाचा आहे. म्हणजे माझा. एक बाही लांब झालीय, तिकडं लक्ष देऊ नका, मीच विणलाय. छातीवर चौदा — मार्लीचा नंबर. ती बघा, वेणीवाली, आत्ता बास्केट केली ती. माझी पोर. पण आजच्या सामन्यापुरती तुमची.

अहो, उठता काय! नीट सांगतो. समोर राखाडी कोटातली बाई दिसतेय? कॉलेजनं पाठवलीय, त्यांच्या बास्केटबॉल टीमसाठी पोरी हेरायला. आता अख्ख्या इंडियाना राज्यात सगळे पोरींना शिकवतात — उडी मार, पास दे, व्हिडिओ पाठव — पण ही हेरणारी माणसं अर्धा वेळ पोरीकडं बघतात आणि अर्धा वेळ बाकावरच्या बापाकडं, हे कुणाला ठाऊक? मला. म्हणून मी आईबापांची शिकवणी घेतो. हसू नका. खालच्या रांगेत ते बाप विणत बसलेत ना, ते माझे विद्यार्थी. टाके मोजताना माणसाला शिव्या देता येत नाहीत — घरी करून बघा. तो लाल दाढीवाला व्हर्न, पूर्वी सामना हरला की पंचाच्या गाडीपुढं आडवा पडायचा. माझ्याकडं आला, टोपी विणली, थोरली गेली कॉलेजात! आता धाकटीसाठी मोजे चाललेत.

मी? मी का नाही विणत बसत? — बसलो होतो ना, गेल्या महिन्यात. असाच एक कॉलेजवाला आलेला, मार्ली झकास खेळत होती, मी टाके मोजत होतो, आणि पंचानं फाऊल दिला नाही. कुणाचा? मार्लीचाच! त्या समोरच्या पोरीला तिनं चांगलं कोपर मारलं आणि पंच आपला गप्प. आता न्याय म्हणजे न्याय. उतरलो कोर्टावर. सुया हातातच राहिल्या हो — आणि मागनं लोकर, ती गुंतली पंचाच्या पायात, आणि तो... जाऊ द्या. मला बाहेर काढलं. कॉलेजवाला म्हणाला, पोर घेतली असती, पण चार वर्षं हा बाप कोण सोसणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मार्लीनं गाडीत बसल्या बसल्या रेडिओ लावला. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात, आणि ही अशी शांत. माझ्यावर गेली नाही, सुटली बिचारी, असं वाटायचं मला. आज सकाळी म्हटलं, मी येत नाही. "बरं," म्हणाली. अडवलंसुद्धा नाही. म्हणजे नकोच होतो ना मी? लागतं हो ते.

म्हणून तुम्ही! दारातून वाकून आत आलात ना, तेव्हाच हेरलं मी तुम्हाला. बाप उंच दिसला की त्यांना वाटतं, पोर अजून वाढेल. मी तुमच्या पाठीआड बसतो. हे प्रेट्झेल धरा, शिट्टी वाजली की मोठा घास घ्यायचा — तोंड बंद राहतं. टाळ्या दोन्ही टीमना. बघितलं! बाईनं इकडंच बघितलं! मान डोलवा... बास, एवढी नाही, बैल आहात का.

आता मध्यंतराला दिवे का कमी केले? आणि फुलं कशाला आणलीत? — अरे देवा. घरच्या कोर्टावरचा शेवटचा सामना. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या पोरी आईबापाचा हात धरून मधे जातात, दरवर्षी जातात, मी स्वतः लोकांना शिकवलंय कसं चालायचं, कुठं रडायचं — आणि माझ्याच पोरीचं विसरलो! "चौदा नंबर, मार्ली स्टॅनफिल, आणि तिचे वडील डेल्बर्ट" — ऐकलंत? डेल्बर्ट म्हणजे मी, म्हणजे आज तुम्ही! उठा! जा ना, ती बाई बघतेय! बापासारखं चाला... नको, थांबा. थांबा जरा. मार्ली तुमच्याकडं बघतेय. स्वेटर ओळखला तिनं. हस गं बाई, हस, हात कर त्याला... करत नाहीये. काय शोधतेय ही? हलू नका, मी दिसेन —

"पप्पा! लपतोस काय त्या माणसामागं? खाली ये आधी!"

ऐकलंत? पंचाची शिट्टी पडली तोंडातून! व्हर्नचे टाके सुटले! अहो, हा तर माझा गळा — अस्साच्या अस्सा माझा! कुठं ठेवला होता इतकी वर्षं पोरीनं? ती बाई? उठलीय खरी. निघालीय की जवळून बघायला येतेय, देव जाणे. बघू दे. आलो गं, आलो! — काढा तो स्वेटर. काढा म्हणतो ना, माझा आहे तो! बाही ओढा, लांबवाली... हां. आता बसा खाली. मागच्यांना दिसत नाहीये.