डेलची प्रार्थना संपेपर्यंत

मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की डेलचे डोळे मिटलेले असताना लिंडाने सँडविचचा घास घेतला.

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या ऑफिसात हे दोनच अमेरिकन. डेल नेब्रास्काच्या खेड्यातला, जेवणाआधी प्रार्थना करणारा. लिंडा न्यूयॉर्कची, देव न मानणारी. "यल्ला डेल, आटप, देवालाही लंच ब्रेक असतो!" असं चिडवायची, पण रोज त्याच्यासाठी थांबायची.

त्या आठवड्यात इराकचं युद्ध सुरू झालं होतं.

"तुम्ही गावाकडचे लोक, झेंडा दिसला की पोरं लढायला पाठवता," लिंडा म्हणाली.

"आणि तुम्ही शहरातले नुसत्या घोषणा देता. तुझ्या बिल्डिंगमधलं एक तरी पोरगं सैन्यात आहे?"

मी इतकी दचकले, की डब्यातली आमटी सांडली. त्यानंतर लिंडा आमच्यात जेवायला येईचना.

मग एका दुपारी डेलला घरून फोन आला. त्याचा सैन्यातला पुतण्या गेला होता. डेल नेहमीच्या जागी येऊन बसला, हात जोडले, डोळे मिटले, आणि ते उघडेचनात. डबा समोर तसाच. मला तर काही सुचेना. लिंडा अबू धाबीला क्लायंटकडे गेलेली. मोबाइल नुसता वाजायचा, ती उचलायची नाही. तरी मी लावत राहिले.

शेवटी एकदाचा उचलला. मी रडतच सगळं सांगितलं.

"अजून डोळे मिटलेलेच आहेत त्याचे?"

"हो."

"मग कुणी खाऊ नका. मी येतेय."