चौथा मजला

(ला पाझ, चोवीस जानेवारी, इटुकल्या वस्तूंची जत्रा. इथं मिळालेल्या वस्तूला बाराच्या ठोक्याला धूप दाखवला की वर्षभरात ती खरी होते, अशी सगळ्यांची श्रद्धा. सातुर्निनाच्या ठेल्यासमोर तिचा धाकटा दीर वेन्सेस्लाओ आणि त्याची बायको मार्लेनी.)

सातुर्निना : आणखी मजला चढवला तर हे प्लास्टरचं धूड तुम्ही दोघं उचलणार, की क्रेन सांगून ठेवलीय भावोजी?

वेन्सेस्लाओ : चढवा हो वहिनी. बाराला अजून अवकाश आहे. माझ्या खऱ्या कारखान्याला तीन मजले आहेत, म्हणजे इथं चार तरी हवेतच. वाढायचं तर मागणंही वाढवायला हवं.

मार्लेनी : अहो, तो धूपवाला म्हातारा मघाशी हसत होता. म्हणाला, हे मागणं आहे की इथंच बांधकाम काढलंय?

सातुर्निना : त्याचं काय चुकलं? लोक तळहातावर मावेल एवढं घर नेतात, बोटाएवढी मोटार नेतात. तुम्हीसुद्धा पहिल्या वर्षी काडेपेटीएवढं दुकान नेलंत. केवढे खूश होतात तेव्हा.

वेन्सेस्लाओ : तेव्हा अक्कल नव्हती. धंदा म्हणजे सायकल, वहिनी. पेडल थांबलं की आपटलात.

सातुर्निना : पाय टेकून उतरताही येतं सायकलवरून. तुमच्या भावानंच शिकवली ना तुम्हाला? अर्धीच शिकवली म्हणायची.

मार्लेनी : उतरायचं नाव काढू नका जाऊबाई. घरातल्या एकेको देवाच्या मूर्तीवर इतकं सामान लटकवलंय यांनी, की परवा तो पालथाच पडला. भरभराटीचा देव, पण त्यालासुद्धा भार झेपेना. आता यांना दुसरी बोर मारायचीय, पहिलीपेक्षा खोल.

वेन्सेस्लाओ : संध्याकाळी वस्तीच्या सभेत तेच मांडणार आहे. विकास म्हणतात त्याला. अख्ख्या वस्तीला काम मिळेल.

सातुर्निना : मिळालंय की. बादली घेऊन टँकरची वाट बघायची, अख्खी वस्ती कामाला लागलीय. पगाराचं तेवढं बघा.

वेन्सेस्लाओ : नळाला पाणी नाही त्याला मी काय करू? डोंगरावरचा बर्फ संपला. तो काय मी खाल्ला?

सातुर्निना : बर्फ संपला म्हणूनच खालचं पाणी जपून प्यायचं होतं ना. तुम्ही ते बाटलीत भरलंत, आणि वर चित्र छापलंत बर्फाच्या डोंगराचं.

मार्लेनी : चित्र मात्र सुरेख आलंय. मी रोज आंघोळ करताना बघते ना. आमचाही नळ कोरडाच. एकेक बाटली उघडायची आणि अंगावर ओतायची. त्यातही मला मिळतात त्या मुदत संपलेल्या.

वेन्सेस्लाओ : घरातलं सगळं इथं सांगायलाच हवं का?

सातुर्निना : सांगू दे. आणि हे प्लास्टर कशात कालवलंय ते नाही विचारलंत. सकाळी नळ सोडला तर नुसता फुसफुसला. शेवटी कोपऱ्यावरून तुमच्याच बाटल्या आणल्या. तुमचं पाणी पिऊनच तुमचा कारखाना उभा राहिलाय.

वेन्सेस्लाओ : म्हणजे घरातच गिऱ्हाईक वाढलं. वाईट काय त्यात? बरं, मजला राहू द्या आता, धूपवाला कोपऱ्यावर आलाय. द्या लवकर.

सातुर्निना : घ्या की. काय द्यायचे ते पैसे ठेवा त्या डब्यात.

वेन्सेस्लाओ : पैसे? ही कसली थट्टा वहिनी? दरवर्षी तुम्ही आपल्या हातानं देता मला. स्वतः विकत घेतलेलं फळत नाही, दुसऱ्यानं मनापासून द्यावं लागतं. हे मी तुम्हाला सांगू?

सातुर्निना : नका सांगू. गेल्या वर्षी तुम्ही इटुकली बोर मागितलीत. मी हौसेनं करून दिली, वर तुमच्या डोक्यावर कागदी फुलं उधळली. बोर लागली. त्याच महिन्यात माझा नळ गेला. मला माझ्याच हातांचा राग येतो, भावोजी.

वेन्सेस्लाओ : अहो, योगायोग तो. प्लास्टरच्या खेळण्यानं कुठं पाणी लागतं?

सातुर्निना : मग खेळणंच आहे तर विकत घ्यायला का घाबरता?

मार्लेनी : बोला आता.

वेन्सेस्लाओ : तू ऐक. तू घे विकत, आणि तू मला दे. झालं, सुटला प्रश्न.

मार्लेनी : देईन की. पण मनापासून द्यावं लागतं म्हणालात. ते कुठून आणू?

वेन्सेस्लाओ : शाब्बास. घरचीच माणसं मुळावर उठली. वहिनी, ऐका, घंटा वाजायला लागल्या. सगळी जत्रा वस्तू डोक्यावर धरून उभी आहे, आणि मी असा हात हलवत. माझं वर्ष फुकट जाईल हो. सभेत कोणत्या तोंडानं उभा राहू? पैसे हवे तेवढे घ्या, पण तोंडानं एकदा 'दिलं' म्हणा.

सातुर्निना : पाणी तर आम्ही तुम्हाला असंच दिलं, भावोजी. हे एवढं तरी विकत घ्या.