व्हय म्हाराजा म्हटले ते कोणाला?

आमचे घर गोव्यातल्या पार्से गावात, सड्याच्या पायथ्याला. सडा म्हणजे वरचे उघडे कातळ, पावसाळ्यात त्यावर गुरांपुरते गवत उगवते आणि कडेने गावाची काजूची झाडे आहेत. वडील शेती करीत आणि गावाचे गाऱ्हाणे सांगत. कोणत्याही कामाच्या आरंभी एकाने देवासमोर उभे राहून गावाच्या वतीने बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचे, हे आमचे गाऱ्हाणे. ते कुठे लिहिलेले नसते, तोंडाला येईल तसे सांगायचे. वडिलांच्या मागून ते माझ्याकडे आले आणि पोटासाठी मी वीज खात्यात लाइनमन झालो, म्हणजे देवाशी बोलणारा आणि खांबावर चढणारा माणूस एकच.

त्या नोकरीचे काय सांगू तुम्हाला. आमच्या वाड्यावर पहिले खांब उभे राहिले तेव्हा माझी सख्खी काकी मीटर घराच्या भिंतीला लावू देईना. गोठ्यात लाव म्हणाली, गुरांका भय नाय. आणि तीच काकी पुढे दिवा लागला की बल्बाला हात जोडी आणि दिवा गेला की माझ्या नावाने शंख करी. सगळ्या गावाचे तसेच होते. वीज गेली की शिव्या सोमाला, म्हणजे मला, आणि वीज आली की पाया देवाच्या. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही, कारण नव्या गोष्टीला माणूस आधी नको म्हणतो आणि मग तिच्याशिवाय त्याचे चालत नाही, हे मी खांबावरून पुष्कळ पाहिले होते. असे मी समजत होतो. आता तेही खात्रीने सांगवत नाही.

तर सड्यावर सूर्याची वीज करायची असे ठरले, म्हणजे कुठेतरी वर ठरले, आणि गावाला समजावून सांगायला माणसे आली. त्यांच्यात एक इंजिनियर मुलगी होती, कोल्हापूरकडची, बोलायला नीट, उन्हात सबंध सडा स्वतः फिरलेली. देवळापुढच्या मांडावर बैठक भरली. मांड ही आमची गावाने बसायची जागा, तिथे गाऱ्हाण्याशिवाय आरंभ होत नाही. मी उभा राहिलो. बा देवा महाराजा, म्हटले, आज ही पाहुणी मंडळी तुझ्या मांडार इली आसत. व्हय म्हाराजा. जा काम घेवन इली आसत त्या कामाक यश दी, आडमेळा येत ता दूर कर रे महाराजा. व्हय म्हाराजा! सगळा मांड एका आवाजात. कसलीही पूजा असो, दशावताराचा खेळ असो, आम्ही हेच म्हणतो, पाहुण्याच्या कामाला यश मागणे ही आमची रीत आहे. मुलीने ते मोबाइलवर चित्रित केले. पुढे तिने ऊन झेलून वीज करणाऱ्या काचेच्या पाट्यांची चित्रे दाखवली, लोकांनी चहा घेतला आणि एक अक्षर न बोलता सगळे घरी गेले.

पुढच्या आठवड्यात सड्यावर मोजणीच्या खुंट्या मारलेल्या दिसल्या.

बाबलो माझा लहानपणचा सोबती, त्याची गुरे सड्यावर चरतात. तो दारात येऊन उभा राहिला, बसेना. सोमा, म्हणाला, तुया आमका इकलंस रे. मी म्हटले, मी काय केले? म्हणाला, थंय हापिसात सांगतत गावान एकमतान होकार दिलो, आवाज पण दाखयतत मोबाइलार, तुझो आणि आमचो. मी त्या मुलीला गाठले. ती खरोखर गोंधळली हो. म्हणाली, काका, तुम्ही आमच्या कामाला यश मागितलं, सगळे मोठ्यानं होय म्हणाले, होय म्हणजे होयच ना? मी म्हटले, बाई, ते देवाला म्हटले. ती म्हणाली, मग आम्हाला काय म्हणाले? त्यांना तर कोणी काही म्हटलेच नव्हते.

तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. मला सूर्याची वीज हवी आहे, हे मी लपवत नाही. जन्मभर तारा ओढल्या, पावसात खांबावर चढताना मरण जवळून पाहिले, उन्हातून वीज मिळते म्हटल्यावर मला बरे वाटणारच. मग त्या दिवशी आडमेळा दूर कर हे शब्द रीतीने आले की माझ्या आवडीने आले? आडमेळा म्हणजे कामाच्या आड येणारा, तो कोण, बाबलो? बायको म्हणते, तुमी किते तेच तेच चघळतात, जेवा. पण आमच्याकडे ज्याच्या तोंडी गाऱ्हाणे दिले त्याचा शब्द गावाचा असतो, आणि गावाला आता माझ्या शब्दाची भीती वाटू लागली.

दुसरी बैठक मांडावरच झाली. मी उभा राहिलो, बा देवा महाराजा म्हटले आणि थांबलो. कोणी बोलेना. पुन्हा म्हटले. नाही. बाबल्याने सगळ्यांना आधीच बजावले होते, तोंड उघडू नकात. काय सांगू तुम्हाला, उत्तराशिवायचे गाऱ्हाणे म्हणजे तुटलेली तार, पुढे काही जात नाही. मग काय झाले कोण जाणे, मी देवाकडे पाठ केली, जे आजवर कोणी केले नव्हते, आणि लोकांना म्हटले, देवाक नंतर विचारया, आदी तुमी सांगात, सड्यार पाटये होये काय नको?

आणि मांड फुटला! म्हातारे, बायका, सगळे एकदम. कोण म्हणे आमची गुरे खंय न्हेवची, कोण म्हणे सड्यावरचे पाणीच खालच्या विहिरींना येते, तिकडे डिचोलीत खाणीवाल्यांनीही आधी असेच गोड सांगितले होते आणि मग विहिरी आटल्या. कोण म्हणे पाट्या देवळाच्या आणि शाळेच्या छपरावर घाला, तेंका कोण नको म्हणता? एक सून म्हणाली, रोज सांजेक लाइट जाता तेचा काय ता पण बोला. त्या मुलीने मोबाइल पिशवीत ठेवला आणि ती खाली चटईवर बसून ऐकत राहिली. ठरले काहीच नाही. अजून ठरलेले नाही. खुंट्या तशाच आहेत आणि त्यांच्यामधून बाबल्याची गुरे चरतात.

गाऱ्हाणे माझ्याकडेच ठेवले आहे. दुसऱ्या कोणाला द्या असे मी म्हटले होते, बाबलोच म्हणाला, नको, तूच सांग, आमी आयकतंव. पूर्वी माझे वाक्य संपायच्या आत व्हय म्हाराजा यायचे. आता मध्ये थोडी जागा पडते, माणसे आधी मनाशी तपासतात, मग म्हणतात. तेवढ्या वेळात माझा जीव वरखाली होतो. पण असू दे, तसेच असावे. देव तुमचे बरे करो.