एकातून वजा करा, झालं!

...नाही, माझं चुकलं कुठे, ते तरी सांगा! तुम्हाला सांगतो, फुकट शिकवणाऱ्यावर लोक जेवढा संशय घेतात ना, तेवढा चोरावरसुद्धा घेत नाहीत. स्कॉटलंडहून गणित शिकून आलो, तिकडची नोकरी नको म्हटलं, सोनिवलीत, आपल्या गावात परतलो, कशासाठी? तर दहावीच्या पोरांची गणिताची भीती घालवायची, रोज संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात, मोफत! फळा आणायला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो, तर सिंधी दुकानदार सुतळी बांधता बांधता थांबला. "फ्री में सिखाओगे? तो फिर धंदा क्या है, साईं?"

मंडपाची किल्ली देवळाच्या विश्वस्तांकडे, मधुकाकांकडे. त्यांच्या जमिनीसाठी इतके बिल्डर येऊन गेलेत, की आता नुसता नमस्कार केला तरी विचारतात, कशाबद्दल? म्हणाले, आधी गावाला शिकवून दाखव, मग किल्ली.

ठीक! रविवारी काकांनी मंडप उघडला, किल्ली समोरच्या टेबलावर ठेवली, चाळीसेक माणसं जमली. मी म्हटलं, मंडळी, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, आपण फक्त चाळीस, तरी इथे किमान दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता जवळजवळ नव्वद टक्के! कशी काढली? सरळ मोजायला जाल तर वेड लागेल, कुणाची कुणाशी जुळते, तिघांची जुळते का, दोन जोड्या जुळतात का... नकोच ते! उलट मोजायचं. कुणाचीच कुणाशी जुळत नाही, एवढंच. पहिल्याला कुठलाही दिवस चालेल, दुसऱ्याला पहिल्याचा सोडून, तिसऱ्याला त्या दोघांचे सोडून... असं गुणत गेलात की हाती येतात अकरा टक्के. एकातून वजा करा, झालं!

मधुकाकांनी डोळे बारीक केले. "सरल मोजायचा सोरून उलटा कशाला मोजतस? बिल्डरचा मानूस पन असाच. आपन किती घेनार ते बोलतच नाय, तुम्हाला किती उरंल तेवराच सांगतो."

म्हटलं, काका, मग पडताळूनच बघू, एकेकाने जन्मतारीख सांगा. मागच्या रांगेत कुजबुज, आज जन्मतारीख, उद्या आधार, परवा ओटीपी, आणि मग सातबारा... अरे, मी गणित शिकवतोय का जमीन मोजतोय?

शेवटी आमच्या शेजारच्या घरातल्या बनूआत्यांना दया आली, लहानपणी त्यांनीच खेळवलेलं मला. "लिही. एक जून." लिहिलं. मधुकाका कुरकुरत म्हणाले, एक जून. त्यांच्या शेजारचे, एक जून. खांबाला टेकलेले, चपलांपाशी बसलेले, सगळे एक जून, एक जून... अहो, तेव्हा जन्म लिहून कोण ठेवायचं? शाळा जूनमध्ये सुरू, गुरुजींनी नाव घालताना सरसकट तीच तारीख टाकलेली! माझं सगळं गणित 'सगळे दिवस सारखेच' या भरवशावर उभं, आणि इथे एका गुरुजींनी अर्धं गाव एकाच दिवशी जन्माला घातलेलं. न जुळण्याची शक्यता शून्य. एकातून वजा करा, झालं!

टाळ्या? छे! मधुकाका म्हणाले, याला आधीच म्हाईत व्हता, आमचे आधार कुनी दावले याला? किल्ली टेबलावरून उचलली आणि खिशात. संपलं... पोरं गेली, फळा गेला, स्कॉटलंड गेलं.

तेवढ्यात बनूआत्या. "आनि तुजी कवा र, कल्पेश?"

आता काय सांगू! जन्मलो नोव्हेंबरात, पण पहिलीत घालताना वय कमी भरत होतं, म्हणून आजोबांनी... पासपोर्टवरसुद्धा तीच आहे हो.

"एक जून," म्हटलं.

मधुकाका पहिल्यांदा हसले. "मंग आपलाच हाय." किल्ली माझ्या हातात! गणितासाठी नाही हं, जन्मतारखेसाठी.

तर आता वर्ग चालू आहे. तुडुंब! पायऱ्यांपर्यंत माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड, याला तारखांतलं कळतं, हा दुरुस्त करून देईल! मी रोज ओरडतो, बाबांनो, इथे गणित शिकवतात, दहावीची पोरं पाठवा. ते म्हणतात, हां हां, आधी आमचा बघ. आणि पोरं? ती मैदानात, क्रिकेट खेळतायत.

काल फळ्यावर मांडूनच बघितलं. उद्या गणितासाठी किमान एक पोर तरी येईल, याची शक्यता किती? सरळ नाही मोजायची. कुणीच न येण्याची मोजायची. ती आली पूर्ण एक.

एकातून वजा करा... झालं.